यशवंतरावांचा सन्मान कोण ठरवतं? भारतरत्नापासून गावातल्या पुतळ्यापर्यंत

दर वर्षी २५ नोव्हेंबरला कराडच्या प्रीतिसंगमावर सकाळपासून माणसं यायला लागतात. मंत्री येतात, आमदार येतात, कारखान्यांचे संचालक, शाळेची पोरं, भजनी मंडळं येतात. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीवर फुलं वाहिली जातात आणि त्या आठवड्यात एक मागणी हमखास पुन्हा वर येते : चव्हाणसाहेबांना भारतरत्न द्या.

मागणी रास्त आहे, मलाही ती मनापासून पटते. पण ती नेमकी कुणाकडे जाते, तिच्यावर कोण निर्णय घेतं आणि ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या ठरावाला तिथे किती वजन असतं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. निवेदन दिल्याचा फोटो पेपरात येतो आणि विषय पुढच्या नोव्हेंबरपर्यंत तिथेच राहतो. म्हणून हा लेख. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना ज्यांच्याबद्दल सारखाच जिव्हाळा आहे, त्या एका नेत्याचं उदाहरण धरून राष्ट्रीय नेत्यांना मिळणारे सन्मान कसे ठरतात ते समजून घेऊ.

आधी एक गोष्ट पक्की करू. ‘सन्मान’ असं आपण एका दमात म्हणतो, पण भारतरत्न, शासकीय अंत्यसंस्कार, विद्यापीठाला नाव, चौकातला पुतळा, जन्मघराचं जतन, जयंतीचा कार्यक्रम या सगळ्यांचा सातबारा वेगवेगळ्या नावावर आहे. एक पंतप्रधानांच्या हातात, दुसरा विधिमंडळाच्या, तिसरा जिल्हाधिकाऱ्यांच्या, चौथा तुमच्याआमच्या नगरपालिकेच्या. चुकीच्या दारात कितीही वेळ उभं राहिलं तरी काम होत नाही.

यशवंतरावांची ओळख नव्याने करून द्यायची गरज नाही, तरी तरुण वाचकांसाठी थोडक्यात. जन्म १२ मार्च १९१३, आजोळी देवराष्ट्र्यात. तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, त्याचाच पुढे सांगली जिल्हा झाला आणि आज देवराष्ट्रे सांगलीच्या कडेगाव तालुक्यात आहे. शिक्षण आणि राजकारणाची सुरुवात कराडची. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, १ मे १९६० पासून महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. १९६२ मध्ये चीनने हल्ला केल्यावर नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हापासून आपण म्हणतो. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती आणि १९७९ मध्ये उपपंतप्रधानपद. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत निधन.

शेवटचा निरोप

नेत्याला मिळणारा पहिला सन्मान बहुधा त्याच्या जाण्याच्या दिवशीच ठरतो. ‘शासकीय इतमामात अंत्यसंस्कार’ हे शब्द आपण बातमीत वाचतो. त्यात काय येतं? पार्थिवावर राष्ट्रध्वज, पोलिसांची किंवा सैन्याची मानवंदना, हवेत बंदुकीच्या फैरी, बिगुलाची धून. पार्थिवावर ध्वज कसा ठेवायचा हेही ध्वजसंहितेत लिहिलं आहे : केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला. आणि ध्वज चितेवर जळू द्यायचा नाही, थडग्यातही सोडायचा नाही. त्याआधी तो काढून घ्यायचा. ध्वज अर्ध्यावर उतरवायचा असला तरी आधी तो काठीच्या टोकापर्यंत नेतात, मग अर्ध्यावर आणतात. संध्याकाळी उतरवतानाही पुन्हा एकदा टोकापर्यंत नेऊन मग खाली घेतात.

राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान यांच्यासाठी सगळ्या देशात ध्वज अर्ध्यावर येतो. बाकीच्यांच्या बाबतीत केंद्र किंवा राज्य शासन त्या त्या वेळी ठरवतं. राज्य शासनाला आपल्या अधिकारात कोणत्याही थोर व्यक्तीला शासकीय इतमाम देता येतो. म्हणूनच कधी मंत्रिपद न भूषवलेल्या लेखक-कलावंतांनाही तो मिळालेला दिसतो.

समाधीची जागा हा मात्र वेगळा प्रश्न. दिल्लीत यमुनेकाठी राजघाटाच्या आसपास गांधीजी, नेहरू, शास्त्री, इंदिरा गांधी, चरणसिंग अशा अनेकांच्या समाध्या आहेत. प्रत्येकासाठी नवी जागा देत राहिलं तर जमीन पुरणार नाही, म्हणून पुढे केंद्राने तिथे ‘राष्ट्रीय स्मृतिस्थळ’ ही एकच सामाईक जागा ठरवली. अटलबिहारी वाजपेयींवर २०१८ मध्ये तिथेच अंत्यसंस्कार झाले. सरकारी बंगल्यांची स्मारकं करायची नाहीत, असाही केंद्राचा निर्णय आहे. यशवंतरावांचा देह मात्र कराडला आणला गेला आणि २७ नोव्हेंबरला कृष्णा-कोयनेच्या संगमावर त्यांना निरोप दिला गेला. दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात अशी ही जागा. मला हे फार योग्य वाटतं. दिल्लीत समाधी असती तर ती पाहुण्यांच्या यादीतली एक जागा झाली असती. इथे संध्याकाळी कराडची म्हातारी माणसं फिरायला येतात, पोरं खेळतात, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध साहेब आहेत.

भारतरत्न : नियम छोटे, दार बंद

आता मुख्य विषयाकडे येतो. भारतरत्न हा देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान २ जानेवारी १९५४ रोजी सुरू झाला. पहिले मानकरी तीन : राजगोपालाचारी, डॉ. राधाकृष्णन आणि सी. व्ही. रामन. सुरुवातीच्या नियमात मरणोत्तर सन्मानाची सोयच नव्हती, ती १९५५ मध्ये झाली. मरणोत्तर भारतरत्न पहिल्यांदा मिळालं लालबहादूर शास्त्रींना, १९६६ मध्ये.

नाव कसं ठरतं? पंतप्रधान राष्ट्रपतींना नाव सुचवतात. एवढंच. यासाठी कुणाच्या औपचारिक शिफारशीची गरज नाही. अर्ज नाही, छाननी समिती नाही, राज्यनिहाय कोटा नाही, अमुक पदं भूषवली की मिळेल असा निकष नाही आणि नाव का निवडलं किंवा का निवडलं नाही हे सांगण्याचं बंधनही नाही. एका वर्षात जास्तीत जास्त तीन, असा दंडक आहे. पण १९९९ मध्ये चार आणि २०२४ मध्ये पाच जणांना तो दिला गेला. एखादं वर्ष, कधी सलग अनेक वर्षं कुणालाही दिला जात नाही. १९७७ मध्ये जनता सरकार आल्यावर सगळेच नागरी सन्मान थांबवले होते, ते १९८० मध्ये पुन्हा सुरू झाले. २०२४ पर्यंतच्या मानकऱ्यांची संख्या ५३ आहे.

मिळतं काय? राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पिंपळाच्या पानाच्या आकाराचं पदक. पैसे मिळत नाहीत. पदकाच्या एका बाजूला सूर्य असतो आणि खाली देवनागरीत ‘भारतरत्न’ कोरलेलं असतं. हयात मानकऱ्यांना सरकारी समारंभातल्या मानक्रमात सातव्या क्रमांकाच्या लगेच पुढे, ‘७ अ’ वर, स्थान असतं.

एक गोष्ट आपल्याकडे सर्रास चुकते. संविधानाच्या कलम १८ नुसार राज्यसंस्थेला सैनिकी किंवा शैक्षणिक पदाखेरीज कोणताही किताब देता येत नाही. रावबहादूर, रावसाहेब, सर अशा इंग्रजी राजवटीतल्या किताबांना स्वतंत्र देशात जागा नको, हा त्यामागचा विचार. मग भारतरत्न आणि पद्म हे किताबच नाहीत का, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. डिसेंबर १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हे किताब नाहीत, म्हणून ते घटनाबाह्य नाहीत. पण मानकऱ्याने ते नावाच्या आधी किंवा नंतर लावायचे नाहीत. ‘भारतरत्नाने सन्मानित’ असं लिहिता येतं, ‘भारतरत्न अमुक तमुक’ असं स्वतःच्या नावामागे लावता येत नाही.

आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे, कारण त्यातून या सन्मानाच्या मर्यादा कळतात. १९९२ मध्ये सुभाषचंद्र बोस यांना ‘मरणोत्तर’ भारतरत्न जाहीर झालं. नेताजींच्या मृत्यूबद्दलच वाद असताना ‘मरणोत्तर’ कसं म्हणता, असा आक्षेप आला, कुटुंबीयांनी ते स्वीकारलं नाही आणि प्रकरण न्यायालयात गेलं. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घोषणा रद्द केली. म्हणजे सन्मान देणाऱ्याने जाहीर केला की काम संपलं, असं नाही.

आता यशवंतरावांकडे येऊ. देशाला आजवर सात उपपंतप्रधान लाभले : वल्लभभाई पटेल, मोरारजी देसाई, चरणसिंग, जगजीवनराम, यशवंतराव चव्हाण, देवीलाल आणि लालकृष्ण अडवाणी. यातल्या चौघांना भारतरत्न मिळालं आहे. पटेल आणि मोरारजींना १९९१ मध्ये, चरणसिंग आणि अडवाणींना २०२४ मध्ये. उरले तिघे : जगजीवनराम, यशवंतराव आणि देवीलाल. ज्यांच्या मंत्रिमंडळात यशवंतराव उपपंतप्रधान होते त्या चरणसिंगांना हा मान निधनानंतर सदतीस वर्षांनी मिळाला. सरदार पटेल १९५० मध्ये गेले, त्यांना चाळीस वर्षांनी मिळाला. डॉ. आंबेडकर १९५६ मध्ये गेले, त्यांना १९९० मध्ये. मदनमोहन मालवीय तर १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी गेले आणि त्यांना २०१५ मध्ये मिळाला. त्यामुळे ‘आता फार उशीर झाला’ हे म्हणणं नियमाच्या आणि अनुभवाच्या दोन्ही कसोट्यांवर टिकत नाही. यशवंतरावांसाठी वाट अजून मोकळी आहे. दार उघडायचा अधिकार मात्र एकाच हातात आहे.

मग पद्मविभूषण तरी का नको, असं काही जण विचारतात. तिथे नियम आडवा येतो. पद्म पुरस्कारांची पद्धत भारतरत्नाच्या अगदी उलट आहे : कुणीही नागरिक ऑनलाइन नामांकन करू शकतो, समिती छाननी करते, २६ जानेवारीच्या आदल्या दिवशी यादी जाहीर होते. पण हे पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत. निधन अगदी अलीकडचं, म्हणजे साधारण वर्षाच्या आतलं असेल आणि कार्य तेवढं मोठं असेल तरच विचार होतो. १९८४ मध्ये गेलेल्या नेत्यासाठी तो मार्ग बंद आहे. म्हणून सगळी मागणी भारतरत्नावर येऊन थांबते.

आणि ठरावांचं काय? मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांना भारतरत्न द्यावं असा ठराव केला. हे दांपत्यही आपल्याच मातीतलं. सावित्रीबाईंचं जन्मगाव नायगाव खंडाळा तालुक्यात आणि जोतीरावांच्या घराण्याचं मूळ गाव कटगुण खटाव तालुक्यात, दोन्ही सातारा जिल्ह्यात. इतक्या मोठ्या सभागृहाचा ठरावसुद्धा केंद्राला बंधनकारक नसतो. तो विनंती म्हणून जातो. मग गावच्या ठरावाचं वजन कायद्याच्या दृष्टीने शून्य, हे उघड आहे. तरी मी त्याला निरुपयोगी म्हणणार नाही. कर्पूरी ठाकुरांची मागणी बिहारमध्ये वर्षानुवर्षं होत राहिली आणि २०२४ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या आदल्या दिवशी ती मान्य झाली. मागणी किती रुंद पसरली आहे, एकाच पक्षाची आहे की सगळ्यांची, याकडे निर्णय घेणारे बघतात. साताऱ्याच्या मागणीला नाशिक, लातूर, नागपूरहून साथ मिळाली तर ती महाराष्ट्राची मागणी होते. कऱ्हाडच्या चौकातच राहिली तर ती कऱ्हाडचीच राहते.

नावं : कोणतं टिकतं, कोणतं जिभेवर येतं

भारतरत्न मिळालं नाही, पण यशवंतरावांचं नाव महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहे. फक्त सगळी नावं एकाच ताकदीची नाहीत.

सगळ्यात भक्कम नाव कायद्यातलं. १९८९ मध्ये विधिमंडळाने कायदा करून नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन केलं. हे नाव बदलायचं तर विधिमंडळालाच कायदा बदलावा लागेल. आणि नाव म्हणून हे शोभणारंही आहे. यशवंतराव मुख्यमंत्री असताना वार्षिक १२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना शैक्षणिक फी माफ झाली. ईबीसी सवलत म्हणून ती आपल्या वडील पिढीला पाठ आहे. त्या सवलतीवर शिकलेले शिक्षक, कारकून, तलाठी आपल्या प्रत्येक गावात सापडतील. त्याच माणसाच्या नावाच्या विद्यापीठातून आज शाळा सुटलेली बाई, कारखान्यातला कामगार, पोलीस शिपाई पदवी घेतो. माणसाच्या कामाचा धागा त्याच्या नावाच्या संस्थेत पुढे चालू राहणं, यापेक्षा चांगला सन्मान मला तरी माहीत नाही. पंचायत राजचंही तसंच. जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांचा १९६१ चा कायदा त्यांच्या कारकिर्दीतला आणि चांगलं काम करणाऱ्या जिल्हा परिषदा, पंचायत समित्यांना बक्षीस देणारं अभियान ‘यशवंत पंचायत राज’ या नावाचं. पुण्यात अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी ‘यशदा’ त्यांच्याच नावाची.

दुसऱ्या पायरीवर शासन निर्णयाने किंवा अधिसूचनेने दिलेली नावं येतात. देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर अभयारण्य अधिकृतपणे यशवंतराव चव्हाण सागरेश्वर अभयारण्य आहे. उजाड डोंगरावर झाडं लावून, प्राणी सोडून माणसांनी उभं केलेलं हे जंगल. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या चिकाटीने ते उभं राहिलं. जन्मगावाच्या डोंगरावर हरणं फिरतात आणि त्या रानाला गावच्या लेकराचं नाव आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालाही यशवंतरावांचं नाव आहे. पण गाडीत बसल्यावर आपण सगळे ‘एक्स्प्रेस वे’च म्हणतो. लोकांच्या जिभेवर आधीच एखादं नाव रुळलेलं असेल तर नंतर दिलेलं नाव फलकावरच राहतं. पिंपरीच्या महापालिकेच्या रुग्णालयाचं नाव सुरुवातीपासून यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणून लोक आपसूक ‘वायसीएम’ म्हणतात. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सलाही पोरं ‘वायसी’च म्हणतात. अक्षरांपुरतं का होईना, नाव रोज घेतलं जातं.

गावातल्या रस्त्याला, चौकाला, सभागृहाला नाव द्यायचं असेल तर अधिकार स्थानिक संस्थेचा. नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेचा किंवा ग्रामपंचायतीचा ठराव पुरतो. गावाचंच नाव बदलायचं असेल तर मात्र प्रस्ताव राज्य शासनामार्फत केंद्रीय गृह मंत्रालयापर्यंत जातो.

पुतळा : सर्वांत सोपा वाटतो, सर्वांत अवघड असतो

पुतळ्याचं राजकारण आपल्या सातारा जिल्ह्याला नवं नाही. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. मुख्यमंत्री होते यशवंतराव. तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं होतं. मुंबई महाराष्ट्राला न देणाऱ्या पंतप्रधानांच्या हातून हे अनावरण नको म्हणून हजारो माणसं काळी निशाणं घेऊन घाटात उभी राहिली. महाराजांबद्दल कुणाच्याच मनात दुमत नव्हतं. वाद होता तो अनावरण करणाऱ्या हाताबद्दल. स्मारक उभं राहतं तेव्हा ते ज्याचं असतं त्याच्याइतकंच उभारणाऱ्यांच्या काळाबद्दलही सांगतं. अडीच वर्षांनी मुंबईसह महाराष्ट्राचा मंगल कलश यशवंतरावांच्याच हातून आला, हे लक्षात घेतलं की त्या दिवशी त्यांची केवढी कोंडी झाली असेल ते कळतं.

आज पुतळा उभारायचा तर नियम कडक आहेत. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं की सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या जागांवर पुतळ्याला परवानगी द्यायची नाही. त्यामुळे रस्त्याच्या मधोमध नवा पुतळा ही कल्पना सुरुवातीलाच अडते. महाराष्ट्र शासनाची यासाठी लेखी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. स्थानिक संस्थेचा ठराव लागतो. जागा कुणाच्या मालकीची आहे ते दाखवावं लागतं, पोलिसांचं ना हरकत पत्र लागतं. पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते, म्हणजे चेहरा भलताच निघाला असं होऊ नये. शेवटी जिल्हाधिकारी स्तरावर परवानगी. आणि पुतळा बसल्यावर त्याची देखभाल आणि पावित्र्य राखायची जबाबदारी उभारणाऱ्यावर असते.

या अटींचा लोकांना त्रास वाटतो, पण मालवणात काय झालं ते आठवा. राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही टिकला नाही. समुद्रकाठचा वारा, खारी हवा, सांध्यांचा गंज यांचा हिशेब घाईत राहून जातो. पुतळा बसवण्याच्या उत्साहात ‘वीस वर्षांनी याची तपासणी कोण करणार’ हा प्रश्न बैठकीत कुणी विचारत नाही. विचारणाऱ्याला उलट नाट लावणारा समजतात. तो विचारायलाच हवा.

संसदेच्या आवारातल्या पुतळ्यांसाठी लोकसभा अध्यक्षांच्या नेतृत्वाखाली खासदारांची समिती ठरवते. तिथे यशवंतरावांचा पुतळा आहे. म्हणजे सर्वोच्च नागरी सन्मान नाही, पण देशाच्या सर्वोच्च सभागृहाच्या दारात जागा आहे. हे दोन निर्णय वेगवेगळ्या हातांचे असतात, म्हणून असं होऊ शकतं.

घर, पुस्तकं, कागद

देवराष्ट्र्यातलं जन्मघर राज्य संरक्षित स्मारक आहे. या दोन शब्दांना कायद्याचा अर्थ आहे. १९६० च्या राज्याच्या पुरातत्त्व कायद्यानुसार संरक्षित झालेल्या वास्तूत पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही आणि दुरुस्तीचीही जबाबदारी त्याच विभागाकडे जाते. त्यामुळे गावाला वाटलं म्हणून पत्रा घालता येत नाही, फरशी बदलता येत नाही. साधं मातीचं घर साधंच राहतं, आणि तेच हवं. या घरातून निघालेला मुलगा देशाचा संरक्षणमंत्री झाला हे पोरांना दाखवायचं तर घर संगमरवरी करून चालणार नाही.

कराडात ‘विरंगुळा’ हा त्यांचा बंगला आहे आणि वेणूताईंच्या नावाचं स्मारक आहे. वेणूताई १ जून १९८३ ला गेल्या. त्यानंतर यशवंतराव जेमतेम दीड वर्ष जगले. पत्नीच्या नावाने स्मारक उभं करून त्यांनी आपली पुस्तकं आणि वस्तू तिथे ठेवायची सोय केली. मोठ्या नेत्याचं स्मारक लोक उभारतात, इथे नेत्याने स्वतःच्या आधी पत्नीचं उभारलं. कराडला जाणाऱ्या प्रत्येकाने समाधीबरोबर हेही बघावं. त्यांनी वाचलेली पुस्तकं बघताना तो माणूस जितका कळतो तितका पुतळ्यासमोर कळत नाही. असं स्मारक विश्वस्त संस्था चालवते. तिथे सरकारी निधीची हमी नसते आणि सरकारी परवानग्यांची साखळीही नसते. कागद वाळवीपासून, दमटपणापासून वाचवणं, त्यांचं स्कॅनिंग करणं हे काम देणग्यांवर आणि माणसांच्या वेळेवर चालतं.

जयंतीचं थोडक्यात सांगतो. कोणत्या थोर व्यक्तींच्या जयंत्या सरकारी कार्यालयांत साजऱ्या करायच्या याची यादी सामान्य प्रशासन विभाग दर वर्षी काढतो. १२ मार्च त्यात आहे. त्या दिवशी प्रतिमेला हार घालतात, पण सुट्टी नसते. सार्वजनिक सुट्टी ही परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (चेक-हुंड्यांचा कायदा) च्या कलम २५ खाली जाहीर होते आणि ती यादी वेगळी. मला तर सुट्टी नसलेलंच बरं वाटतं. शाळा भरलेली असेल तर मास्तर पोरांना दोन गोष्टी सांगू शकतात.

आता कुणाला खरोखर काही करायचं असेल तर कुठे जायचं? भारतरत्नासाठी पत्र पंतप्रधान कार्यालयाला, आणि आपल्या खासदाराला, कारण ते लोकसभेत विषय काढू शकतात. तहसीलदारांना दिलेलं निवेदन फार तर वर पाठवलं जातं. देवराष्ट्र्याच्या घराच्या दुरुस्तीबद्दल राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला. अभयारण्याबद्दल वन विभागाच्या वन्यजीव शाखेला. पुतळ्याच्या अवस्थेबद्दल, तो ज्या नगरपालिकेने किंवा संस्थेने उभारला तिला. गावातल्या सभागृहाला, वाचनालयाला किंवा रस्त्याला नाव द्यायचं असेल, किंवा आधीच्या नावाची पाटी पडली असेल, तर ग्रामसभेत. तिथे विषय ऐन वेळी काढला तर तो बहुधा पुढे ढकलला जातो. सभेच्या पुरेसं आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि विषयपत्रिकेत तो आला आहे का ते बघून मग सभेला जा.